दोन व्हिडिओ राउटर, चार टाय-लाइन आणि माझी आठ हजारांची शिकवणी



इव्हेंटच्या व्हिडिओ कामात उतरायचं म्हणणारे बरेच जण मला एकच प्रश्न विचारतात, "सर, कॅमेरे किती घेऊ?" कॅमेऱ्याचं नंतर बघू. आज मी अशा गोष्टीबद्दल लिहिणार आहे जी कॅटलॉगमध्ये ठळक दिसत नाही, गिऱ्हाईकही कधी विचारत नाही, पण कार्यक्रमाच्या ऐन वेळी तुमची अब्रू तिच्यावरच टांगलेली असते. दोन व्हिडिओ राउटर एकमेकांना जोडले की चित्र इकडून तिकडे कोणत्या वाटेनं जाणार, हे आधी कसं ठरवून ठेवायचं? व्हिडिओत मी पॅनल दाखवलंय, पण यातले आकडे वाचूनच नीट डोक्यात बसतात, म्हणून हा लेख.

आधी एक गैरसमज काढू. इथला राउटर म्हणजे घरातला वाय-फायचा डबा नाही. व्हिडिओ राउटर म्हणजे चित्रांचा अदलाबदल करणारा स्विच. मागे एका बाजूला इनपुट, दुसऱ्या बाजूला आउटपुट. कुठलंही इनपुट कुठल्याही आउटपुटला, हवं तर एकच इनपुट सगळ्या आउटपुटला देता येतं. इनपुट-आउटपुटच्या प्रत्येक जोडणीला क्रॉसपॉइंट म्हणतात. २० बाय २० च्या राउटरमध्ये असे ४०० क्रॉसपॉइंट असतात. कॅमेरा, लॅपटॉप, प्लेअर हे झाले सोर्स. एलईडी वॉल, मॉनिटर, रेकॉर्डर ही झाली डेस्टिनेशन. इथवर सोपं आहे.

त्या दिवशी काय झालं

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. एका संस्थेचा वर्धापनदिन होता. निवृत्त शिक्षकांचा सत्कार. मुख्य हॉल भरणार हे माहीत होतं, म्हणून शेजारच्या भोजनगृहात खुर्च्या टाकून तिथे एलईडी वॉल लावायचं ठरलं. मी मुख्य हॉलमध्ये २० बाय २० चा राउटर ठेवला, त्याला आपण 'अ' म्हणू. भोजनगृहात १२ बाय १२ चा, तो 'ब'. अ कडून ब कडे चार केबल टाकल्या आणि ब कडून अ कडे दोन. या दोन राउटरांना जोडणाऱ्या केबलला आमच्या धंद्यात टाय-लाइन म्हणतात.

टाय-लाइन म्हणजे नदीवरचा पूल समजा. अ गावात माणसं कितीही असोत, पलीकडे जायला पूल चारच. आणि एका पुलावरून एका वेळी एकच चित्र जातं.

आमच्याकडे आयटीआय झालेला एक मुलगा होता. भोजनगृहाची बाजू त्याच्याकडे दिली होती. आदल्या रात्री केबल ओढताना त्यानं विचारलं होतं, "दादा, प्रोग्रामसाठी एक लाइन बाजूला काढून ठेवायची का?" मी म्हणालो, "सॉफ्टवेअर करतंय ना सगळं आपोआप. तू केबल ओढ."

सकाळी त्यानं आपल्या टेबलावर चार मॉनिटर लावले. एकावर कॅमेरा १, दुसऱ्यावर २, तिसऱ्यावर ३, चौथ्यावर नावांच्या पट्ट्यांचा लॅपटॉप. हे चारही सोर्स अ ला जोडलेले. म्हणजे चारही पूल भरले. एलईडी वॉलवर तोवर भोजनगृहातल्याच लॅपटॉपवरून प्रायोजकांच्या जाहिराती फिरत होत्या. तो लॅपटॉप ब लाच जोडलेला, त्यामुळे त्याला पुलाची गरजच नव्हती. सगळं छान दिसत होतं.

सत्कार सुरू झाला. मुलानं एलईडी वॉलसाठी 'प्रोग्राम'चं बटण दाबलं. काहीच झालं नाही. परत दाबलं. काही नाही. पॅनलवर ना लाल दिवा, ना कसला निरोप. आम्हाला वाटलं एलईडीचा प्रोसेसर अडकला. तो बंद करून चालू केला. केबल काढून लावली. यात चार मिनिटं गेली. तेवढ्यात एका वयस्कर बाईंचं नाव पुकारलं गेलं. त्यांच्या घरची मंडळी, नातवंडं, सगळी भोजनगृहात बसलेली. आजी स्टेजवर शाल घेत होती आणि नातवंडांसमोर स्क्रीनवर सरकीच्या तेलाची जाहिरात.

शेवटी त्या मुलानंच काहीतरी सुचून तिसरा मॉनिटर त्या जाहिरातींच्या लॅपटॉपवर टाकला आणि परत 'प्रोग्राम' दाबलं. चित्र आलं. मी तोवर धावत तिथे पोचलो होतो. आणि मी काय केलं? गिऱ्हाइकासमोर त्या मुलाला झापलं. "एक बटण नीट दाबता येत नाही का?" तो काही बोलला नाही.

बिलातून आठ हजार कापले गेले. पण खरी शिकवणी दुसऱ्या दिवशी झाली, दुकानात लॉग उघडला तेव्हा. चूक बटणाची नव्हती. चूक सेटिंगची होती आणि सेटिंग मी केलं होतं.

सॉफ्टवेअर वाट कशी शोधतं

लहान राउटर फक्त स्वतःपुरतं बघतो. त्याच्या आउटपुट १७ च्या पुढे एलईडी आहे की दुसरा राउटर, याचा त्याला पत्ता नसतो. हे ज्ञान वरच्या कंट्रोल सॉफ्टवेअरला द्यावं लागतं. मोठ्या चॅनलांकडे लावो कंपनीचं व्हीएसएम किंवा ईव्हीएसचं सेरेब्रम अशा सिस्टिम असतात. आपल्यासारख्यांकडे लॅपटॉपवरचं छोटं सॉफ्टवेअर असतं. नाव काहीही असो, आतला विचार साधारण सारखाच.

तुम्ही डेस्टिनेशन निवडून सोर्सचं बटण दाबलं की ते असं विचारत जातं:

१. सोर्स आणि डेस्टिनेशन एकाच राउटरवर आहेत का? असतील तर सरळ क्रॉसपॉइंट जोड. टाय-लाइन लागत नाही.

२. नसतील, तर हाच सोर्स आधीच कुठल्या टाय-लाइनवरून पलीकडे पोचलाय का? पोचला असेल तर तीच लाइन वापर. ब राउटर ते एक चित्र स्वतःच्या हव्या तेवढ्या आउटपुटला वाटू शकतो.

३. पोचला नसेल, तर मोकळी लाइन आहे का? ती या कामासाठी चालते का? मिळाली की आधी अ वर सोर्स त्या लाइनवर टाक, मग ब वर ती लाइन डेस्टिनेशनला जोड. क्रम उलटा झाला तर प्रेक्षकांना क्षणभर त्या लाइनवरचं जुनं चित्र दिसतं.

४. थेट लाइन नसेल, तर तिसऱ्या राउटरवरून वळसा घालून जाता येतं का?

५. तेही नसेल तर नकार दे.

आणि एक सहावी गोष्ट मागे चालू असते. प्रत्येक लाइनवर किती डेस्टिनेशन अवलंबून आहेत, याची मोजणी. शेवटचं डेस्टिनेशन त्या चित्रावरून हटलं की मोजणी शून्य होते आणि लाइन मोकळी होते. आमच्या मुलानं तिसरा मॉनिटर बदलल्यावर नेमकं हेच झालं. कॅमेरा ३ ला पलीकडे कोणी बघणारं उरलं नाही, लाइन सुटली आणि ती प्रोग्रामला मिळाली.

म्हणजे सॉफ्टवेअर बरोबर वागत होतं. आधी आला त्याला लाइन, नंतर आला त्याला नकार. मॉनिटर कमी महत्त्वाचे आणि एलईडी जास्त महत्त्वाची, हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं.

लाइन किती लागतील? आधी कागद घ्या

हा हिशोब पाच मिनिटांचा आहे. दोन आकडे काढा. पलीकडच्या बाजूला इकडची वेगवेगळी चित्रं जास्तीत जास्त किती लागू शकतात? आणि ती घेणारी डेस्टिनेशन किती? या दोनांतला लहान आकडा म्हणजे तुम्हाला जास्तीत जास्त लागणाऱ्या लाइन.

आमच्या कार्यक्रमात चित्रं पाच होती: तीन कॅमेरे, नावांच्या पट्ट्या आणि प्रोग्राम. घेणारी डेस्टिनेशन सात: चार मॉनिटर, एलईडी वॉल, साउंडवाल्याचा टीव्ही आणि तिकडचा एक रेकॉर्डर. लहान आकडा पाच. लाइन होत्या चार. बस्स, एवढंच. आदल्या रात्री चहाच्या टपरीवर कागदाच्या तुकड्यावर दिसलं असतं.

मग सगळीकडे भरपूर लाइन टाकाव्यात का? इथे धंद्याचं गणित येतं. प्रत्येक टाय-लाइन एका राउटरचं आउटपुट आणि दुसऱ्याचं इनपुट खाते. समजा २० बाय २० चे दोन राउटर आहेत आणि दोन्ही दिशांना चार-चार लाइन टाकल्या. प्रत्येकाची चार इनपुट, चार आउटपुट गेली. तुमच्या हातात दोन्ही मिळून ३२ इनपुट आणि ३२ आउटपुट उरली, ४० नाहीत. कोटेशन देताना हे विसरलात तर सेटअपच्या दिवशी एक कॅमेरा हातात घेऊन उभे राहाल.

उलट बाजूही बघा. ४० बाय ४० चा एकच राउटर घेतला तर १६०० क्रॉसपॉइंट आणि आत कुठेच अडथळा नाही. पण मग लांबच्या हॉलमधली प्रत्येक केबल त्याच्यापर्यंत ओढायची. दोन राउटर घेतले तर मधे फक्त टाय-लाइन ओढायच्या आणि एक राउटर दुसऱ्या कामावर वेगळा भाड्यानं जाऊ शकतो. लहान व्यावसायिकाला म्हणूनच दोनाची जोडी परवडते. फक्त पुलाचा हिशोब आपल्या अंगावर येतो.

बीबीएला असताना ऑपरेशन्स रिसर्चमध्ये रांगेचं गणित होतं, तेव्हा कंटाळा यायचा. त्या गणिताचा एक मूळ पुरुष म्हणजे कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणारे अ‍ॅग्नर एर्लांग. किती लाइन असल्या तर किती कॉलना नकार मिळेल, याचं सूत्र त्यांनी १९१७ मध्ये मांडलं. त्यात आकडे घालून बघा. सरासरी दोन लाइनभर काम असेल आणि लाइन चार असतील, तर साधारण साडेनऊ टक्के मागण्यांना नकार मिळतो. लाइन सहा केल्या की तोच आकडा सव्वा टक्क्याच्या आसपास येतो. दोन केबल वाढवल्या आणि त्रास जवळपास आठपट कमी झाला! हे गणित मागण्या सुट्या-सुट्या येतात असं धरतं. कार्यक्रमात सगळ्यांना एकाच क्षणी सगळं हवं असतं. म्हणून मी वरचा कागदाचा हिशोब पाळतो आणि एर्लांगकडून एवढंच घेतो: लाइन गरजेइतक्याच ठेवल्या की अडचण ठरलेली, थोड्या जास्त ठेवल्या की झोप लागते.

सेटिंग करताना मी आता काय पाळतो

पहिलं, प्रोग्रामची लाइन राखीव. बसमध्ये जशी राखीव सीट, तशी. सॉफ्टवेअरमध्ये एक टाय-लाइन फक्त एलईडी वॉल आणि रेकॉर्डरसाठी लिहून ठेवायची. मॉनिटरना ती मिळणारच नाही. त्या मुलानं सुचवलं होतं ते हेच.

दुसरं, मॉनिटरसाठी मल्टिव्ह्यूअर. इकडेच तीन कॅमेरे आणि पट्ट्या एका चित्रात चार चौकटी करून बसवायच्या आणि ते एकच चित्र पलीकडे पाठवायचं. आमच्या कार्यक्रमात पाच लाइनची गरज अशानं दोनावर आली असती, एक मल्टिव्ह्यूअरची आणि एक प्रोग्रामची. चारांतल्या दोन लाइन उरल्या असत्या!

तिसरं, नकार दिसला पाहिजे. लाइन नसेल तर पॅनलवर ठळक निरोप आला पाहिजे: "लाइन शिल्लक नाही". आमची चार मिनिटं नकारामुळे गेली नाहीत, तो नकार आहे हे न कळल्यामुळे गेली. आणि दुसऱ्याची चालू लाइन सॉफ्टवेअरनं गुपचूप काढून घ्यावी, असं सेटिंग कधीच करू नका. आज तुमचं चित्र येईल, उद्या कोणाचं तरी जाईल.

चौथं, टाय-लाइनची पोर्ट ऑपरेटरच्या पॅनलवरून लपवा. कोणी हातानं आउटपुट १७ ला काहीतरी जोडलं, तर सॉफ्टवेअरची वही आणि प्रत्यक्ष राउटर यांचा मेळ जातो. मग कॅमेरा १ दाबला की कॅमेरा ३ दिसतो आणि माणूस वेडा होतो.

पाचवं, नंबर कुठून मोजतात ते बघा. उदाहरणार्थ, ब्लॅकमॅजिकच्या व्हिडिओहबला नेटवर्कवरून टीसीपी पोर्ट ९९९० वर साध्या मजकुरात आज्ञा देता येते. तिथे मोजणी शून्यापासून आहे. मागच्या बाजूला आउटपुट १७ छापलंय, पण आज्ञेत १६ लिहायचं. टाय-लाइनच्या यादीत हा एकाचा फरक राहिला तर सगळी चित्रं एक घर सरकलेली दिसतात.

सहावं, लाइनची ताकद लिहा. एचडीचं १०८० आय सिग्नल १.४८५ गिगाबिट प्रतिसेकंदाच्या एसडीआयवर जातं. १०८० पी ५० ला २.९७ लागतं, त्यालाच थ्रीजी म्हणतात. फोरके ५० किंवा ६० फ्रेमचं असेल तर ११.८८, म्हणजे ट्वेल्व्हजी. एक राउटर ट्वेल्व्हजी आणि दुसरा थ्रीजी असेल तर फोरकेचं चित्र त्या पुलावरून जाणारच नाही, लाइन मोकळी असली तरी. वेग वाढला की केबलची चालणारी लांबीही कमी होते. म्हणून प्रत्येक लाइनपुढे ती काय पेलते, हे यादीत हवं.

सातवं, वळशाला मर्यादा. तिसरा राउटर आला की अ वरून क, क वरून ब असा मार्ग निघतो. सर्वात कमी खर्चाची वाट शोधायची डच शास्त्रज्ञ डायक्स्ट्रा यांनी १९५९ मध्ये छापलेली पद्धत अशा कामाला चपखल बसते: प्रत्येक लाइनला एक किंमत द्यायची आणि सर्वात कमी बेरजेची वाट घ्यायची. पण प्रत्येक वळसा एकाऐवजी दोन लाइन खातो. म्हणून मी वळशाच्या लाइनची किंमत जास्त ठेवतो आणि एकापेक्षा जास्त वळसा बंद करतो.

पंधरा मिनिटांची टाय-टेस्ट

कार्यक्रमाच्या आधी हे करायचंच. रंगीत पट्ट्यांचं चित्र घ्या आणि त्यावर मोठ्या अक्षरात लाइनचा नंबर लिहा. एक-एक करून प्रत्येक टाय-लाइनवर पाठवा. पलीकडचा माणूस फोनवर नंबर वाचून दाखवेल. इकडे 'तीन' पाठवलं आणि तिकडे 'चार' दिसलं, तर केबल अदलाबदल झालीय. दोन्ही टोकांना एकाच नंबरची चिकटपट्टी लावा. त्यानंतर मुद्दाम सगळ्या लाइन भरा आणि प्रोग्राम मागून बघा. राखीव लाइनवरून आला तर सेटिंग बरोबर. मग राखीव नसलेल्या एका मॉनिटरसाठी वेगळं चित्र मागा. नकाराचा निरोप दिसला तर ते पण बरोबर.

सगळं नीट चालतंय हे बघणं म्हणजे अर्धीच टेस्ट. भरल्यावर काय होतं, हे बघितलं की ती पूर्ण होते.

आठ हजारांच्या पुढचं

लॉग बघितल्यावर मी त्या मुलाला दुकानात बसवलं. म्हटलं, "तू आदल्या रात्री बरोबर बोलला होतास. चूक माझी होती, आणि चारचौघांत तुला बोललो ती त्याहून मोठी." तो म्हणाला, "दादा, ते जाऊ द्या. पण त्या आजींचं काय?"

खरं सांगतो, तोवर मी फक्त आठ हजारांचाच विचार करत होतो. सुदैवानं मुख्य रेकॉर्डर अ ला थेट जोडलेला होता. त्याला पुलाची गरज नव्हती, त्यामुळे सत्कार पूर्ण रेकॉर्ड झाला होता. संस्थेकडून पत्ता घेतला आणि आम्ही दोघं पेन ड्राइव्ह घेऊन त्यांच्या घरी गेलो. नातवंडांनी टीव्हीला लावून बघितलं. आजींनी आम्हाला पोहे खाऊ घातले आणि म्हणाल्या, "मी तर स्टेजवरच होते, मला कुठं काय कळलं!" मला मात्र कळलं होतं.

ज्याच्यासमोर त्या मुलाला बोललो होतो, त्या गिऱ्हाइकालाही फोन करून चूक माझी होती हे सांगितलं. पैसे परत मागितले नाहीत. पुढच्या वर्षीचं काम मात्र त्यांनी आम्हालाच दिलं. आता आमच्या कोटेशनमध्ये 'टाय-लाइन आखणी आणि चाचणी' अशी वेगळी ओळ असते, तिचे वेगळे पैसे असतात, आणि ती आखणी तोच मुलगा करतो.

तुम्हाला गृहपाठ देतो. तुमच्या पुढच्या कामात दोन जागा असतील तर एक कागद घ्या. डावीकडे सोर्स, उजवीकडे डेस्टिनेशन, मधे पूल. लहान आकडा काढा, त्यात एक राखीव मिळवा. आणि ज्याच्या हातात केबल आहे त्याला विचारा, "तुला काय वाटतं?" उत्तर येईपर्यंत थांबा.

भेटू पुढच्या व्हिडिओत. तोवर धंदा वाढवा, पण पूल मोजून!